मत मागायचं राहूनच गेलं

१७ नोव्हेंबर १९८५, रविवार. मूल

लिही. कमलनं अर्ज भरला.

कशाचा ते पण लिही. नाईतर मागून कोणी वाचलं तर म्हणेल, म्हातारीले कशाचं एवढं कौतुक. समाजकार्यवाल्यांची संघटना आहे, चांदा आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांची. तिच्या अध्यक्षपदाचा अर्ज. आजवर त्या खुर्चीवर बाई बसली नाई. आमच्या वस्तीतलं तर कोणीच नाई.

कमल म्हणजे माझी सून. माझा वसंता इथी मूल गावात तांदळाच्या गिरणीत फिटर आहे, त्याची बायको. समाजकार्यात सोळावी शिकली. मले अक्षर येत नाई, म्हणून बोलते मी आणि लिहिते ती. तिच्या कामाचा नेम आहे म्हणे, माणूस जसं बोलला तसंच लिहायचं. पदरचं घालायचं नाई, आवडलं नाई म्हणून गाळायचं नाई. फार चांगला नेम आहे. तर लिही: कमल रंगानं सावळी, नाक बसकं, वरणात मीठ विसरते.

लिहिलं का?

(लिहिलं. — क.)

२० नोव्हेंबर

अर्ज काऊन भरला ते राहून गेलं.

शकुन नावाची पोरगी आहे, एटापल्लीकडे जंगलात काम करते. एकटी. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांले तिनं एका जागी बसवलं, बोलतं केलं. ठेकेदाराले ते झोंबलं. त्यानं गावात तिच्याबद्दल नको नको ते उठवलं. घरमालकानं खोली खाली करायले लावली. पोरगी पेटी घेऊन शाळेच्या पडवीत राह्यली. संघटनेले कळवलं, तर चांद्याला बैठक झाली, चहा झाला आणि सहानुभूतीचा ठराव झाला.

मी कमलले म्हटलं, ठराव पांघरून झोपता येते का?

ती हसली नाई. ते आखाडातलं बोलणं. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे होतं. म्हणे, "आत्याबाई, जंगलात एकट्या पडलेल्या बाईमागं संघटना दुसऱ्या दिवशी जाऊन उभी राह्यली पाहिजे. ठराव मागून करा." खुर्ची तिले त्यासाठी पाहिजे. फोटोसाठी नाई. फोटोत तर नाक...

(लिहून राह्यली आहे. — क.)

२४ नोव्हेंबर, रविवार

आज वरोऱ्याला गेली होती, लीलाबाईकडे. लीलाबाई संघटनेत जुनी, तिच्या शब्दावर तिकडची बरीच मतं फिरतात. सकाळच्या यष्टीनं गेली ती दिवेलागणीले आली. चेहरा असा फुललेला की मले वाटलं झालं काम.

"काय म्हणे लीलाबाई?"

"आत्याबाई, तिच्या सासऱ्यानं अन्न सोडलं आहे. मुलावर रागावून. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी बसली मग म्हाताऱ्यापाशी. बोलले ते. जेवले पण."

"आणि मत?"

तोंडावर हात ठेवला तिनं. "मागायचं राहूनच गेलं."

आता काय बोलावं. दुसऱ्याच्या सासऱ्याले जेवू घालून आली, इथी वसंता सकाळच्या भातावर.

१ डिसेंबर, रविवार

माजरी. कोळसा खाणीच्या वस्तीत बोरकर म्हणून आहेत, तेही संघटनेतले. त्यांच्याकडे जाताना मी बजावून पाठवलं. म्हटलं, पायपुसण्यावर उभी राहूनच सांग, मले मत द्या. आत बसली की तू गेली कामातून.

परत आली. मी विचारलंच नाई. भाकर थापत राह्यली.

तीच म्हणे, "त्यांची मोठी मुलगी शाळा सोडते म्हणत होती."

"मग?"

"आता नाई सोडत."

वसंता चूल फुंकता फुंकता हसला, धूर गेला त्याच्या नाकात. बरं झालं. मी म्हटलं, कमल, तुमच्या संघटनेत सगळे असेच असतील तर निवडणूक होईल कशी? हा त्याच्या घरचं भांडण मिटवेल, तो ह्याच्या. पेटी रिकामीच राहील.

ती म्हणे, शिकताना सरांनी हेच शिकवलं. आपल्याला काय पाहिजे ते समोरच्यावर लादायचं नाई. त्याले विचारायचं, तुला काय वाटतं. निर्णय त्याचा.

म्हटलं, कोण हे सर?

तर म्हणे, देवळे सर.

आणि देवळे सर कोण, तर तिच्याविरुद्ध अध्यक्षपदाले उभे आहेत ते! गुरूनं शिष्येचे हात बांधून मैदानात सोडलं. हुशार माणूस.

६ डिसेंबर

विहारात मेणबत्त्या लावल्या. कमल पांढऱ्या पातळात. वंदना झाली, मग बाया भोवती जमल्या. एक म्हणे, "कमलबाई, खरंच उभी राह्यली तू?" दुसरी म्हणे, "आम्हाले मत देता येते का?" नाई येत म्हटल्यावर हिरमुसली. ती बीडी वळते. तिले वाटलं, आपल्या पोरीसाठी आपला पण हात लागावा.

छप्पन साली दीक्षेच्या दिवशी चांद्याच्या मैदानात मी उन्हात बसली होती, वसंता मांडीवर. तेव्हा कोणी सांगितलं असतं की तुझी सून असं काही करेल, तर मी म्हटलं असतं, पहिले सून तर येऊ दे.

आज जास्त बोलवत नाई. पण चांगलं वाटून राह्यलं. तेवढं लिही.

१० डिसेंबर

(वसंता लिहितो. कमल सावली गावाला कामावर.) आई म्हणते, यष्टी स्टँडवर संघटनेतला एक माणूस भेटला. तो म्हणाला, "बाई चांगली आहे, पण सगळ्यांना चालली पाहिजे." आईनं विचारलं, "सगळ्यांले म्हणजे कोणाकोणाले? नावं सांगा." त्यानं गाडी लागली म्हणून सांगितलं. गाडी लागली नव्हती. आई बरंच काही बोलली. सगळं लिहीत नाही.

११ डिसेंबर

वसंतानं कालचं गाळलं. कमलनं वाचून दाखवलं तेव्हा समजलं. यापुढं त्याच्याजवळ काही सांगायचं नाई. तो गिरणीच्या पट्ट्याचं पाहो.

कमलनं तो माणूस कोण ते विचारलं नाई. म्हणे, असे चारजण तरी असतीलच, आत्याबाई. आवाज नेहमीसारखा. पण तांदूळ निवडताना खडे सुपात आणि दाणे खाली टाकून राह्यली होती.

१५ डिसेंबर, रविवार

मोठी गोष्ट. बरोबर लिही.

देवळे सर घरी आले. चांद्याहून, स्कूटरवर, डोक्याले मफलर. उंच माणूस, दारात वाकून आले. मी लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होती. दुश्मन म्हटला तरी वड्याच्या वेळेले आला, तर वाढावं लागते.

आले कशासाठी? कमलनं अर्ज मागं घ्यावा म्हणून. आडपडदा नाई ठेवला, तेवढा सरळ माणूस. म्हणाले, "कमल, निवडणूक झाली तर संघटनेत दोन तट पडतील. तू उपाध्यक्ष हो, बिनविरोध. पुढच्या खेपेला अध्यक्ष तूच, मी स्वतः तुझं नाव सुचवीन."

मी झाऱ्यातला वडा तसाच धरून. वसंता माझ्याकडे पाहे, मी त्याच्याकडे. मनात म्हटलं, हो म्हणते आता. तिनं आजपर्यंत कोणाले नाई म्हटलं नाई. लग्न होऊन आली तेव्हा मी दिलेलं पिवळं लुगडं तिले आवडलं नव्हतं, ते मले वर्षांनी समजलं. तेही दुसऱ्याकडून.

आणि मग सरांनीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ती गप्प राह्यली, तर सवयीनं पुढं वाकले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं, ते जाऊ दे. तुला स्वतःला काय वाटतं?"

झालं.

असं विचारायचं आणि मग मधे बोलायचं नाई, हा त्यांचाच नेम. कमल बोलत गेली. शकुनचं बोलली, पडवीतल्या पेटीचं बोलली. सभा दरवर्षी चांद्यालाच काऊन होते ते बोलली. सिरोंच्याच्या माणसाले तिथी यायले दीड दिवस जाते ते बोलली. सर मान हलवत ऐकत राह्यले. ऐकून घेण्यात माणूस एक नंबर. शेवटी ती म्हणे, "सर, मले वाटते मी उभं राहावं."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आता काय म्हणणार? निर्णय समोरच्याचा.

म्हटलं, "सर, वडा घ्या."

म्हणे, "घेतो आजी. आता तेवढंच राहिलं."

जाताना दारात हसले. कमलच्या डोक्यावर हात ठेवला. चांगला माणूस आहे हो. चांगल्या माणसाविरुद्ध उभं राहणंच कठीण. वाईट असता तर मीच चार शिव्या दिल्या असत्या.

एक झालं. यंदाची सभा गडचिरोलीले घ्यायची, हे त्यांनी इथी बसूनच मान्य केलं. दिला शब्द बदलणारे दिसत नाईत.

१९ डिसेंबर

मागायले शिकवून राह्यली आहे तिले.

म्हटलं, बोजारा पाह्यला ना तू? नसेल पाह्यला, शाळेत होती तेव्हा. धानाच्या रोवणीचा शेवटचा दिवस. कंबर मोडलेली, पाय चिखलानं पांढरे पडलेले. शेवटच्या बांधीत रोपांचे शेवटचे पऱ्हे लावले की आम्ही बाया धुऱ्यावर जाऊन उभ्या राहायचो. मालक आला की त्याच्या पायाशी पऱ्ह्याची पेंडी ठेवायची, वाट अडवायची आणि म्हणायचं, बोजारा द्या. मजुरीवरची खुशी दिल्याशिवाय वाट नाई. जास्त ऐटीत असला तर गालाले चिखल. मी पुढं असायची. माझ्या एका आवाजावर अख्खी रांग उभी राहायची, लिही.

त्यात लाज नाई. ती भीक नव्हती. कंबर आमची मोडली, आता बोजारा आमचा. आणि मागायचा हसत हसत. रडून मागितला तर तो बोजारा नाई.

म्हटलं, तू दहा वर्षं चिखलात उभी आहेस. लोकांच्या सासऱ्यांले जेवू घातलं. माग आता.

सैपाकघराच्या दारात उभी केली. समोरून वसंता. म्हटलं, अडव त्याले, माग.

ती म्हणे, "तुम्हाले वेळ असेल तर..."

"वेळ असेल तर नाई! वाट सोडणार नाई म्हण!"

वसंता म्हणे, "मी काय देऊ पण?" त्याले काही समजत नाई. दोघंही हसत बसले. शिकवणी तिथीच संपली.

३० डिसेंबर

शकुनचं पत्र आलं, कमलनं वाचून दाखवलं. येते म्हणे सभेले. चुलतभावाच्या घरी राहते आता, काम सोडलं नाई. लिहिलं आहे, "ताई, तुम्ही उभ्या आहात हे ऐकून इकडच्या बायांनी मला विचारलं, म्हणजे आता तुझ्या मागं कोणी आहे का? मी हो म्हटलं. खोटं तर नाही ना बोलले?"

कमलनं पत्र घडी करून पोलक्यात ठेवलं. जेवली नाई.

मी आज चिडवलं नाई तिले. हे पण लिही, पुन्हा पुन्हा होणार नाई.

८ जानेवारी

धानाचं चुरणं-मळणं संपलं, गिरणी दिवसरात्र सुरू. वसंता भुश्यानं पांढरा होऊन येते.

देवळे सरांची माणसं गावोगाव फिरून राह्यली, सगळ्यांले मत मागून राह्यली. नेमच आहे तो निवडणुकीचा, त्यांचं चुकत नाई. सर स्वतः मात्र मागत नाईत म्हणे. त्यांनाही जमत नसेल. एकाच शाळेचे.

आमची? काल भद्रावतीले गेली. तिथल्या बाईले मूल झालं आहे. त्याचं बारसं करून आली.

मत?

(राहिलं. — क.)

१२ जानेवारी १९८६, रविवार. गडचिरोली, सकाळ

मी पण आली. वसंता नको म्हणत होता, थंडी आहे म्हणे. म्हटलं, थंडी तुझ्या बायकोले पण आहे.

वैनगंगेचा पूल ओलांडताना नदीवर धुकं. कमल खिडकीशी बसून ओठातल्या ओठात काही म्हणत होती. भाषणाची उजळणी असेल.

शाळेच्या मोठ्या खोलीत सभा आहे. माणसं इतकी की सतरंज्या अपुऱ्या. भामरागडकडून आले, सिरोंच्याचे आले, आपसात तेलुगूत बोलतात. ते कधी आलेच नव्हते पहिले. देवळे सरच मले म्हणाले, "आजी, एवढी माणसं आपल्याकडे आहेत हे मलाही माहीत नव्हतं." शब्द पाळला माणसानं.

शकुन आली. एवढीशी आहे. मी समजत होती, ठेकेदार भ्याला म्हणजे असेल चांगली धिप्पाड. माझ्या पाया पडायले वाकली, मी मधेच धरली. हाडं लागतात हाताले.

भाषणं झाली. सर छान बोलले, नेहमी बोलतात. कमल बरं बोलली. फार नाई, बरं. शेवटी "आपण सर्वांनी विचार करून निर्णय घ्यावा" म्हणून बसली. मी कपाळावर हात मारला. शेजारच्या बाईनं पाह्यलं.

त्याच दिवशी, जेवणानंतर

लिही लवकर. अक्षर वाकडं आलं तरी चालते, मले कुठी वाचता येते.

मत टाकायची वेळ झाली. मतपेटी त्या आतल्या लहान खोलीत. सगळे रांगेनं चालले. आणि ही माझ्या बाजूची उठली, गेली, आणि त्या खोलीच्या दारात आडवा हात लावून उभी. पदर कमरेले खोचलेला.

पहिले कोण होते रांगेत? देवळे सर.

"काय झालं कमल?"

"सर, वाट सोडणार नाई."

"म्हणजे?"

"मले तुमचं मत पाहिजे."

सर म्हणाले, "अगं, मी स्वतः उभा आहे!"

"म्हणून तर तुमच्यापासून सुरू केलं."

मागून एक धानवाल्या झाडीपट्टीतली बाई खिदळली. म्हणे, "बोजारा! बोजारा मागून राह्यली ती!" मग मूलवाल्या, सावलीवाल्या, सगळ्या हसायले लागल्या. वरोऱ्याकडची कापूसवाली माणसं विचारून राह्यली, काय झालं, काय झालं. लीलाबाई त्यांच्यातलीच, तिलेही काही समजलं नाई, तरी सगळ्यांहून मोठ्यानं हसली.

सर पण हसले. मग चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता विचारते हा.

आणि विचारलंच. "तुला काय वाटतं कमल, मी काय करावं?"

कमल म्हणे, "हा प्रश्न तुम्हीच शिकवला सर. दहा वर्षं मी तोच विचारत आली. आज उत्तर सांगते. मत मले द्या. पुढच्या वेळी एखादी शकुन पडवीत बसली तर त्याच दिवशी यष्टीत कोण बसेल, ते तुम्हाले माहीत आहे."

तिनं हात काढला, ते आत गेले. मग मागचा आला, तिनं पुन्हा हात लावला. बोरकर आले तर म्हणे, "बोरकरभाऊ, मुलगी शाळेत जाते ना? मग मत द्या." सगळ्यांले मागितलं. एकालेही सोडलं नाई. त्या स्टँडवरच्या माणसालेही मागितलं. मी दुरूनच खूण करून सांगितलं, हाच तो. त्याच्यापुढं तर हात जरा जास्तच ताठ केला. तो खाली पाहून आत गेला. काय टाकलं असेल ते त्याचं त्याले माहीत.

मी सतरंजीवर बसूनच होती. एकेक माणूस आत गेला की बोटावर मोजून राह्यली.

मोजणी चालू

व्हरांड्यात बसलो आहोत. देवळे सर येऊन माझ्या बाजूले बसले. संत्रं सोलून अर्धं मले दिलं.

"कोणाले दिलं, सर?"

"मत गुप्त असतं आजी."

"मी कोणाले सांगते? मले तर लिहिता पण येत नाई."

"तुमची सून लिहिते ना सगळं! जसं बोललं तसं." आणि मग म्हणतात, "तुम्हाला काय वाटतं, कोणाला दिलं असेल?"

हा रोग नाई जाणार यांचा.

कमल, तू तिकडं खोलीकडं पाहू नको. इकडं पाहा, वहीत. शकुन दाराशी उभी आहे, काही झालं की तीच सांगेल. तोपर्यंत हे लिही: माझ्या सुनेनं आज भर दारात उभं राहून हसत मागितलं. मले माझ्या रोवणीची आठवण आली. मी रांगेच्या पुढं असायची ना, तिथून मागं वळून पाह्यलं की सगळी बांधी हिरवी दिसायची. तसं वाटलं.

पदरचं घालायचं नाई, गाळायचं नाई. लिही पूर्ण. डोळे मागून पूस.

आणि पहिल्या दिवशीचं ते मिठाचं खोड.

(खोडता येत नाही, आत्याबाई. नेम आहे. — क.)

मग राहू दे. मीठ तर विसरतेच.

शकुन पळत येऊन राह्यली. तिचा चेहरा पाह्यला मी, पण ती पोरगी रडली तरी हसल्यासारखी दिसते. म्हणे, दोघांले आत बोलावलं आहे, ताईले आणि सरांले, दोघांलेही सोबत. म्हणजे काही समजलं नाई.

सर उठले. त्यांनी कमलले म्हटलं, "चल." आधी तिनं जावं म्हणून थांबून राह्यले.

जा पोरी. पेन इथीच ठेव, नाईतर सोबत नेशील. आणि पानाच्या खाली जागा सोडून जा. थोडी नको, बरीच सोड.